शिट्टी उपयोगाची नव्हती त्या दिवशी

मी मालवणात स्नॉर्केलिंगचा गाईड आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकाळ, उथळ पाणी आहे. तिथे लोकांना लाइफ जॅकेट, मास्क आणि नळी देऊन पाण्यावर पालथं तरंगवायचं आणि खालची पोवळी, मासे दाखवायचे, हे माझं काम. या कामात माझा सगळा भरवसा गळ्यावर आणि शिट्टीवर. खाली बघण्यात माणूस इतका गुंगतो की वर वारा फिरला, होडी लांब गेली, काही काही कळत नाही. मग हाक मारायची. हाकेनं नाही जमलं तर शिट्टी.

गेल्या जानेवारीत एक ग्रुप आला. कोल्हापूरकडची सतरा-अठरा वर्षांची पाच मुलं आणि त्यांच्या बाई. बुकिंग फोनवर झालेलं. सकाळी सात वाजता जेट्टीवर आले तेव्हा कळलं की पाचही जणांना ऐकू येत नाही. दोघांच्या कानाला मशीन होतं, पण ते पाण्यात चालत नाही, म्हणजे उतरताना तेही काढायचं.

खरं सांगतो, माझ्या पोटात गोळा आला. त्यांना स्कुबा करायचं होतं. त्याला मी सरळ नाही म्हटलं. टाकी लावून खाली जाताना पहिल्या काही फुटांतच पाण्याचा दाब कानांवर येतो. ज्यांच्या कानांना आधीच त्रास आहे, त्यांना डॉक्टरच्या कागदाशिवाय मी खाली नेत नाही. बाईंना ते पटलं. मग स्नॉर्केलिंग ठरलं.

होडीत बसल्यावर नेहमीप्रमाणे किल्ल्याची माहिती सुरू केली. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर पायाभरणी केली, भर समुद्रात असून आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत वगैरे. बाई हातांनी मुलांना सांगत होत्या. थोड्या वेळानं मला थांबवून म्हणाल्या, "दादा, माझ्याकडे नाही, मुलांकडे बघून बोला. हात मी चालवते." मी अकरा वर्षं हे काम करतोय, पण कोणाशी बोलताना आपले डोळे कुठे असतात, याचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा केला.

पुढे खुणा शिकवायच्या होत्या. पाण्यात आम्हा सगळ्यांची बोली हातांचीच. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला की 'ठीक आहे'. अंगठा वर म्हणजे 'वर न्या'. पंजा आडवा धरून हलवला की 'काहीतरी गडबड आहे'. रोजच्या पर्यटकांना हे चार-चार वेळा सांगावं लागतं. मजा येतेय म्हणून ते अंगठा दाखवतात आणि आम्ही त्यांना वर काढतो. या मुलांनी एकदा बघितलं आणि झालं. पाचातला एकही चुकला नाही. हिरव्या टी-शर्टातल्या एका मुलीनं तर मलाच दुरुस्त केलं. माझा पंजा नीट आडवा नव्हता, तो तिनं धरून सरळ केला.

पाणी त्या दिवशी स्वच्छ होतं, वीसेक फुटांवरचं दिसत होतं. सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा असतो तोवर असंच असतं. दुपारी दर्यावरून वारा चढला की पाणी गढूळतं. मी खडकावर पाय टेकवायला कोणालाच देत नाही. हा भाग मालवणच्या सागरी अभयारण्यातला आहे, १९८७ सालापासून त्याला संरक्षण आहे, आणि वर्षांनुवर्षं वाढलेलं पोवळं एका लाथेत तुटतं. माशांना पाव टाकायलाही मी देत नाही. ब्रेडवर झुंबड उडते, फोटो छान येतो, पण माशाचं पोट पाव खायला नाही. मुलांना हे बाईंनी सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि पाण्यात खरोखर पाळलं.

पाण्यात उतरल्यावर जे बघितलं ते आधी कधी बघितलं नव्हतं. बाकीचे लोक काही दिसलं की डोकं वर काढतात, नळी तोंडातून काढतात, ओरडून सांगतात, पाणी गिळतात, खोकतात. ही मुलं तोंड पाण्यातच ठेवून बोलत होती. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा आला, एकानं दाखवला, दुसऱ्यानं हातानंच काहीतरी म्हटलं, तिसरा हसला, त्याच्या तोंडातून बुडबुडे निघाले. इतक्या वर्षांत पाण्याखाली गप्पा मारणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होतो.

वीसेक मिनिटं झाली असतील. होडीतून आमचे तांडेल काका ओरडले, "अरे, वारो फिरलो! पोरांका वर घे!" मी मोजायला लागलो. पाण्यावर तरंगणाऱ्या आमच्या रिंगला धरून तिघं. चौथा मुलगा रिंग सोडून पंधराएक फूट पुढे. आणि त्याच्याही पुढे तेवढ्याच अंतरावर हिरवा टी-शर्ट. खडकाच्या कपारीतला गोबरा मासा बघत ती रिंग सोडून गेली होती आणि पाण्याची ओढ तिला खडकाकडे नेत होती. त्या खडकावर धारदार शिंपल्यांची कालवं आहेत. लाटेनं एकदा आपटलं की अंग सोलून निघतं.

मी ओरडलो. सवयच ती. मग शिट्टी फुंकली. फुंकता फुंकता लक्षात आलं की मी कोणासाठी फुंकतोय.

तोंड पाण्यात घातलं आणि हात मारायला लागलो. मधला मुलगा माझ्याकडेच बघत होता. मी त्याला तिच्याकडे बोट दाखवलं आणि 'मागे' अशी काहीतरी खूण केली, धड खूणही नव्हती. पण त्याला समजलं. तो वळला आणि दोन्ही हात पसरून मोठ्यानं हलवले. हो, 'मोठ्यानं' हाच शब्द बरोबर आहे. तिनं मान वळवली. मी पोचेपर्यंत तिनं अर्धं अंतर कापलं होतं. मी तिचं जॅकेट पकडलं तेव्हा तिनं गोल करून दाखवला, 'ठीक आहे'.

परतताना इंजिनाच्या आवाजात मला आणि काकांना एकमेकांचं काही ऐकू येत नव्हतं, "काय?" "काय?" चाललं होतं. समोर पाचही जण निवांत गप्पा मारत होते. ती गोबऱ्याचं तोंड कसं उघडतं-मिटतं ते करून दाखवत होती. मधे सगळ्यांनी दोन्ही हात वर करून बोटं थरथरवली. बाई म्हणाल्या, ही त्यांची टाळी आहे, त्या मुलासाठी.

रात्री मी रिंगला प्रत्येकासाठी वेगळी दोरी बांधली. दोन हिसके म्हणजे 'परत'. दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा यायचं होतं.

सकाळी जेट्टीवर गेलो तर ती मुलं कठड्यावर आधीच बसलेली, टॉवेल गळ्यात. पण रात्रीपासून उत्तरेचा वारा होता, किल्ल्याच्या तटाला फेस चढलेला दिसत होता. बाई अजून चहाच्या टपरीवर होत्या. मी मुलांसमोर उभा राहिलो, समुद्राकडे बोट केलं आणि पंजा आडवा धरून हलवला. या वेळी नीट आडवा.

हिरव्या टी-शर्टवालीनं समुद्राकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग अंगठा आणि बोट जुळवून मला गोल दाखवला.