ऑडिट सीझन आणि लिथियम

मी सीए आहे, पुण्यात एका फर्ममध्ये ऑडिट बघते, बायपोलर (मूड कधी अति चढतो, कधी पार खाली जातो असा आजार) आहे हे कळून सात वर्षं झाली. त्याआधी दोन वर्षं नुसती डिप्रेशनची ट्रीटमेंट चालू होती, कारण डॉक्टरकडे मी जायचे तीच पार गळून गेल्यावर, छान वाटत असताना कोण जातं?

आणि सप्टेंबरमध्ये मला छानच वाटायचं. टॅक्स ऑडिटची ड्यू डेट ३० सप्टेंबर, अख्खी फर्म जागायची, त्यात मी तीन तास झोपून एकदम फ्रेश, चार फाइली एका वेळी, रात्री अडीचला सरांना मेल. सर बाकीच्यांना माझं उदाहरण द्यायचे! आजार कळला त्या वर्षी मात्र एका क्लायंटला त्याचा धंदा कसा चुकतोय ते पाऊण तास सुनावलं आणि त्याच आठवड्यात एफडी मोडून स्वतःच्या ऑफिससाठी गाळा बुक करून आले. टोकनचे दोन लाख गेले. डिसेंबरात दात घासायलाही उठवेना. गाळ्याचं डॉक्टरांना नवऱ्याने सांगितलं, मला तो आजारातला भाग वाटलाच नव्हता.

मग लिथियम, मूड स्थिर ठेवणारी गोळी. रक्तात ती किती आहे ते बघायला शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं, म्हणजे रात्री ९ ला गोळी, सकाळी ९ ला लॅब, तिथून ऑफिस. माझी लेव्हल ०.७ च्या आसपास ठेवतात, शिवाय दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि किडनीसाठी क्रिएटिनिन. डोकं दुखलं तरी आयब्युप्रोफेन नाही, लेव्हल चढते. अंगात पाणी कमी पडलं तरी चढते, त्यामुळे हरतालिकेचा निर्जळी उपास बंद. सासूबाईंना सांगायचं मला केवढं टेन्शन, तर त्या म्हणाल्या, "मग पाणी पिऊन कर की, महादेवाला काय फरक पडतोय."

हात थरथरतो. क्लायंटकडे कपबशीतून चहा आला की बशी वाजते आणि सगळे बघतात, म्हणून मी आधीच सांगते, अर्धाच द्या, ग्लासात द्या.

सरांना दुसऱ्या वर्षी सांगितलं. आजाराचं नाव घेतलं, रात्री ११ नंतर काम करणार नाही म्हटलं. ते बराच वेळ पेन फिरवत बसले, मग म्हणाले, ठीके. वाईट वागले नाहीत, पण पार्टनरशिपचा विषय त्यानंतर निघालेला नाही. कधीकधी वाटतं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, पण मग ११ ला लॅपटॉप बंद कसा केला असता?

गेल्या सप्टेंबरात एकदा पहाटे चारला टक्क जाग आली, डोक्यात वर्किंग पेपर्सच्या नव्या शीटची भन्नाट आयडिया. बसून बनवलीच. नवरा उठला, काही न बोलता माझ्यासमोर फोन ठेवला. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आणि शीट आठवडाभर उघडू नका म्हणाले. आठव्या दिवशी उघडली. एक फॉर्म्युला चुकला होता, बाकी चांगली होती. यंदा सगळी टीम तीच वापरतेय.