पाण्याचा हात

आमच्या आजीची काठवट सध्या कांदे-लसूण सांभाळते. संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये भाकरी स्टीलच्या परातीत थापली जाते, त्यामुळे लाकडी काठवटीला दुसरं काम उरलं नाही. कडेला तडा गेलेला, त्यावर पत्र्याची पट्टी ठोकलेली. परवा तळाशी चिकटलेली लसणाची टरफलं झटकताना बोट आपोआप फिरलं आणि ‘अ’ काढून बसलो. आजी याच काठवटीत लिहायला शिकली.

लग्न होऊन परभणीकडच्या खेड्यात आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. पोरीच्या जातीला कशाला, हे उत्तर माहेरातही तयार होतं आणि सासरीही. धाकटा दीर मात्र शाळेत जायचा. संध्याकाळी गरम भाकरीची वाट बघत तो चुलीपुढं बसे, त्यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. त्याचा भाव ठरलेला, एका अक्षराला एक गुळाचा खडा. जोडाक्षराला दोन मागायचा लबाड, म्हणून आजीची जोडाक्षरं शेवटपर्यंत कच्ची राहिली.

ज्यांनी भाकरी थापलीय त्यांना ही युक्ती लगेच कळेल. उंडा ठेवायच्या आधी काठवटीत कोरडं पीठ पसरतात. त्या पिठात बोटानं अक्षर काढायचं, दिरानं मान हलवली की वर उंडा ठेवून थापायचं. अक्षर भाकरीच्या पाठीला चिकटायचं. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवतात. झालं, पाटी कोरी. दारातून सासूनं विचारावं, ‘‘काय करायलीस गं इतका येळ?’’ आणि आजीनं म्हणावं, ‘‘भाकरी करायलेय, आत्याबाई.’’ यात खोटं एक अक्षर नाही.

दिराचीही शाळा सरळ नव्हती म्हणा. राज्य निजामाचं. घरात मराठी, कचेरीत उर्दू. वरचं शिक्षण उर्दूत, १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. स्वतःच्या हिमतीवर शाळा काढावी तर सरकारची परवानगी हवी. हिप्परगा, अंबाजोगाई इथल्या ज्या शाळा लोकांनी नेटानं चालवल्या, तिथं स्वामी रामानंद तीर्थांनी मास्तरकी केली. १९३८ साली वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून उस्मानियानं पोरांना काढून टाकलं आणि त्यातली बरीच नागपूरला जाऊन शिकली. पण या मोठ्या गोष्टी. आमच्या घरातलं संस्थान सासूबाईंचं होतं.

फ्रेडरिक डग्लसबद्दल वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो गुळाचा खडा. अमेरिकेत गुलामीत जन्मलेला हा मुलगा. बाल्टिमोरला मालकिणीनं त्याला मुळाक्षरं दाखवली, मालकानं ते बंद पाडलं. मग तो खिशात पाव घेऊन बाहेर पडायचा आणि रस्त्यावरच्या भुकेल्या गोऱ्या पोरांना तो देऊन त्यांच्याकडून शिकायचा. कुंपणाच्या फळ्या, विटांच्या भिंती, फरसबंदी ही त्याची वही, आणि खडूचा तुकडा ही लेखणी. तिकडे दक्षिण कॅरोलिनात १७४० सालीच कायदा झाला होता, गुलामाला लिहायला शिकवलं तर शंभर पौंड दंड. बंदी लिहिण्यावर होती, वाचण्यावर नाही. मला आधी हे उलटं वाटलं. पण लिहिता आलं की गुलाम बाहेर जायचा मालकाचा परवाना स्वतःच लिहील, ही भीती. ती खोटीही नव्हती. १८३६ साली डग्लसनं पळून जाण्यासाठी स्वतःच्या आणि सोबत्यांच्या नावे मालकाचे परवाने लिहिलेच. बेत फुटला, धरपकड झाली. वाटेत एकानं हळूच विचारलं, याचं काय करू? डग्लसनं सांगितलं, बिस्किटाबरोबर खाऊन टाक.

तिथं चाबूक होता, विक्रीचा बाजार होता. आजीला फार तर शिव्या बसल्या असत्या, एखादा चिमटा. दोन्ही एका तराजूत घालायचं धाडस मी करणार नाही. पण लिहिलेलं पोटात घालायची बुद्धी दोन्हीकडे सुचली, त्याला काय करणार?

आणि आड घ्यायला बहुतेक घरकामच. रशियाच्या अमलाखालच्या वॉर्सात लहानग्या मारियाच्या, म्हणजे पुढच्या मादाम क्यूरीच्या वर्गात पोलिश इतिहास चोरून शिकवत. निरीक्षक आला की ठरलेली घंटा वाजे, पुस्तकं गायब आणि मुली काजं शिवत बसलेल्या. शंभरेक वर्षांनी तालिबानच्या पहिल्या राजवटीत हेरातच्या बायका शिवणवर्गाला म्हणून निघायच्या. पिशवीत वर कापड, खाली वह्या. अंगणात पोरं खेळत राखण करायची. सुईदोऱ्यात आणि पिठात डोकं घालून बघावं, असं कुठल्याच शिपायाला वाटत नाही.

आजीच्या अक्षराला शिरोरेघ नव्हती. पसरलेल्या पिठात आडवी रेघ ओढली की खालचं अक्षर पुसलं जातं, म्हणून दिरानं ती शिकवलीच नाही. पुढं पेन्शनच्या कागदावर सही करायची वेळ आली. मी सोबत होतो. खिडकीतला कारकून म्हणाला, ‘‘आजी, वर रेघ मारा, नाहीतर अंगठा द्या.’’ अंगठा म्हटल्यावर ती चिडली. शाईच्या पेनानं रेघ मारायला गेली, ती नेमकी अक्षरांच्या मधून गेली. आजीनं क्षणभर कागदाकडं बघितलं, पेन खाली ठेवलं आणि तळहात सरळ सहीवरून फिरवला.

निळा हात माझ्याकडं करून म्हणाली, ‘‘पुसंना की रे हे.’’

कारकुनानं दुसरा फॉर्म दिला.