किती वाजले आणि किती वाजता

इटलीतल्या पादोव्हाला येऊन आठवडा झाला होता. नवऱ्याचं संशोधन तिथल्या विद्यापीठात, मला इटालियनच्या वर्गाला जायचं होतं. वर्ग कधी सुरू होतो, एवढंच विचारायचं. रात्री बसून वाक्य जुळवलं, तेही इंग्रजीतून. ‘व्हॉट टाइम’ म्हणजे ‘के ओरे सोनो’ असं धरून चालले आणि पुढे ‘ला लेत्सिओने’ जोडलं. खिडकीमागच्या बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि वेळ सांगितली. त्या क्षणाची! मी ‘ग्रात्सिए’ म्हणून परत आले.

संध्याकाळी शेजारच्या आजींनी माझं वाक्य ऐकलं आणि सावकाश म्हणाल्या, ‘आ के ओरा कोमिंचा ला लेत्सिओने?’ मग दोन्ही वाक्यं आलटून पालटून म्हणून दाखवली. तेव्हा लख्ख उमगलं. ‘के ओरे सोनो’ म्हणजे किती वाजले, ‘आ के ओरा’ म्हणजे किती वाजता. आपण लहानपणापासून हा फरक करतो. इंग्रजीच्या वाटेने गेले म्हणून तो माझ्या हातून निसटला.

त्या दिवसापासून मी थेट मराठीतून इटालियनमध्ये जायचं ठरवलं आणि घड्याळ सोपं झालं. आपण ‘एक वाजला’ पण ‘तीन वाजले’ म्हणतो ना? तिकडेही ‘ए लूना’ एकवचनी आणि ‘सोनो ले त्रे’ अनेकवचनी. म्हणून ‘किती वाजता’च्या उत्तरातही एकला ‘आल्लूना’, बाकीच्यांना ‘आल्ले’. साडेआठ म्हणजे ‘ओत्तो ए मेद्झा’, आठ आणि अर्धा. आणि माझं सर्वात लाडकं, ‘नोव्हे मेनो उन क्वार्तो’: नवाला पाव कमी, म्हणजे आपले पावणेनऊ! आजींना ‘पावणे’ शिकवलं तर त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं.

विचारायला आठवडाभरात जमलं, उत्तर पकडायला मात्र दोन महिने लागले. माणसं बोलताना ‘पावणेचार’ म्हणतात, स्टेशनवरची घोषणा ‘क्विंदिची ए क्वारान्ताचिंक्वे’ म्हणते, पंधरा पंचेचाळीस. वजाबाकी होईपर्यंत पुढची घोषणा सुरू झालेली असायची. मग मी ऐकलेलं उलट म्हणून खात्री करू लागले: ‘आल्ले क्वात्रो मेनो उन क्वार्तो?’ समोरचा ‘सी’ म्हणाला की जीव भांड्यात पडायचा. नवीन येणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगते, प्रश्नाआधी हे उलट विचारणं पाठ करा.

एक फसगत मात्र भाषेच्या तासाला कुणी सांगितली नव्हती. एका रविवारी टेकड्यांकडे जायचं होतं. थांब्यावरच्या वेळापत्रकात ‘फेरियाले’ असा रकाना दिसला. ‘फेरिए’ म्हणजे रजा हे ठाऊक होतं, म्हणून हाच सुट्टीचा रकाना समजून डबा घेऊन उभे राहिलो. तासभर बस नाही. शेवटी एका गृहस्थांनी शेजारच्या रकान्यावर बोट ठेवलं. ‘फेरियाले’ म्हणजे कामाचे दिवस, त्यात शनिवारही येतो. रविवार आणि सणांचा रकाना ‘फेस्तिव्हो’. आता मी वेळ बघण्याआधी रकान्याचं नाव वाचते.

पुढे आई-बाबा आले, तेव्हा स्क्रोव्हेन्यी चॅपल पाहायचं ठरलं. साधारण 1305 पर्यंत जोत्तो या चित्रकाराने रंगवलेल्या या भिंती जपण्यासाठी ठरल्या वेळीच, थोड्याच लोकांना आत सोडतात. आधी एका बंद खोलीत पंधरा मिनिटं बसवतात, आतली हवा बिघडू नये म्हणून. तिथे उशीर चालत नाही. मी खिडकीवर विचारलं, ‘आ के ओरा दोब्बियामो एस्सेरे क्वी?’ आम्ही इथे किती वाजता हजर असायला हवं? उत्तर आलं आणि मी वळून आईला म्हटलं, ‘पावणेचारला.’