लंडनमधला कौन्सिल फ्लॅट विकत घेतला – माझा अनुभव

झालं एकदाचं! लंडनमधल्या ज्या कौन्सिल फ्लॅटमध्ये (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या घरात) आम्ही इतकी वर्षं भाड्याने राहिलो तो आता आमच्या नावावर आहे. इथली मराठी मंडळी सारखी विचारतायत म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

राइट टू बाय म्हणजे कौन्सिलच्या घरातल्या भाडेकरूला तेच घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क, पंतप्रधान थॅचरबाईंच्या काळातल्या १९८० च्या कायद्याने आलेला. स्कॉटलंडने तो २०१६ ला बंद केला, वेल्सने २०१९ ला, इंग्लंडमध्ये अजून आहे. आम्ही नुसतं घेऊ घेऊ म्हणत होतो, आणि ३० ऑक्टोबर २०२४ च्या बजेटमध्ये आलं की २१ नोव्हेंबरपासून सवलत कमी होणार, लंडनमध्ये जास्तीत जास्त १,३६,४०० पौंड मिळायचे ते बहुतेक ठिकाणी थेट १६,००० वर. मग काय, ह्यांनी बसच्या शिफ्टमधून सुट्टी घेतली, आम्ही आरटीबी१ फॉर्म (राइट टू बायचा अर्ज) भरला, मुलीचंही नाव घातलं (घरचं माणूस वर्षभर सोबत राहत असलं तर घालता येतं) आणि तो स्वतः जाऊन देऊन पोच घेतली. पोच घ्याच, कारण त्या तीन आठवड्यांत सगळ्या लंडनने फॉर्म भरले असावेत इतकी गर्दी होती.

नियमाने चार आठवड्यांत हक्क आहे की नाही ते कळवायचं आणि त्यानंतर फ्लॅटसाठी बारा आठवड्यांत ऑफर नोटीस, म्हणजे किंमत आणि अटींचं पत्र. पहिलं वेळेत आलं, दुसरं काही येईना. फोन करून उपयोग नव्हता. मग आरटीबी६ दिला, म्हणजे उशिराची नोटीस, एक महिन्यात उत्तर नाही आलं तर आरटीबी८ ही पुढची नोटीस, आणि त्यानंतर भरलेलं भाडं किमतीतून वजा होतं. हे कोणी आपणहून सांगत नाही पण फॉर्म सरकारचेच आहेत, फुकट आहेत, बिनधास्त वापरा. आमची नोटीस आरटीबी६ नंतर आली.

किंमत लावली ३,६०,००० पौंड. जुनी सवलत वजा जाता २,२३,६००. किंमत पटली नाही तर डिस्ट्रिक्ट व्हॅल्युअरकडे (घराची किंमत ठरवणारा सरकारी अधिकारी) जाता येतं पण तो वाढवूही शकतो आणि मग तीच अंतिम, म्हणून आम्ही गेलो नाही. कर्जासाठीच्या डिपॉझिटची सोय सवलतीतच झाली, बऱ्याच बँका सवलतच डिपॉझिट म्हणून धरतात. अडलं ते बिल्डिंगवर, उंच टॉवर म्हटलं की काही बँका सरळ नाही म्हणतात, लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या २०१७ च्या आगीनंतर क्लॅडिंगचे (भिंतींवरच्या बाहेरच्या आवरणाचे) कागद मागतात. कर्जाचा ब्रोकर कौन्सिल फ्लॅटची कामं करणाराच शोधा.

पण सगळ्यात महत्त्वाचं सांगते. सगळे सवलतीचा आकडा बघतात आणि पुढची पानं उलटतात! फ्लॅटची मालकी म्हणजे १२५ वर्षांची लीज (भाडेपट्टा), बिल्डिंग कौन्सिलचीच राहते, आणि छप्पर, लिफ्ट, खिडक्या काहीही केलं की तुमचा हिस्सा तुम्हाला, कधीकधी हजारो पौंड. नोटीसमध्ये पहिल्या पाच वर्षांच्या कामांचा अंदाज असतो आणि त्या मुदतीत दुरुस्तीसाठी त्याच्यापेक्षा जास्त (महागाई सोडून) मागता येत नाही, यादीत नसलेल्या दुरुस्तीचे तर नाहीच. ती यादी सॉलिसिटरसोबत (वकिलासोबत) बसून ओळ न ओळ वाचा. आमच्यात छपराचं काम होतं, ते धरूनच आम्ही महिन्याचा हिशोब मांडला आणि मग हो म्हटलं.

सवलत कमी केली ते मला पटतं, आमचा फायदा झाला तरी पटतं. विकली तितकी घरं परत बांधली नाहीत आणि मुलीच्या वर्गातलं एक कुटुंब अजून एका खोलीत तात्पुरतं राहतंय, त्यांना कौन्सिलचं घर कधी मिळणार? म्हणून हा फ्लॅट भाड्याने देऊन पैसे कमवायचा विचार आमच्या घरात नाही.

पाच वर्षांच्या आत विकला तर सवलत परत करावी लागते, पहिल्या वर्षी पूर्ण, मग दरवर्षी पाचव्या हिश्श्याने कमी, आणि दहा वर्षांपर्यंत विकायचा तर घेणार का म्हणून आधी कौन्सिलला विचारावं लागतं. ज्यांना दोनतीन वर्षांत भारतात परतायचंय त्यांनी हा हिशोब आधी करा आणि मगच फॉर्म आणा.