सार्डिनच्या बशीने बदललेला निकाल

खाद्यपरीक्षण लिहिणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे एका संध्याकाळी तीन-तीन ठिकाणी जेवण्याची मला सवय आहे. पण शहरातल्या तीन वाइन बारवर एकत्रित लेख लिहायचे ठरले, त्या दिवशी माझ्या वहीतला जवळजवळ प्रत्येक निष्कर्ष चुकीचा ठरला असता. प्रत्येक ठिकाणी एक रेड, एक व्हाइट आणि खाण्याच्या दोन बशा, असा बेत होता. पूर्ण ग्लास म्हणजे साधारण १५० मिलिलीटर वाइन, आणि तीन बारमध्ये तेवढी पिऊन जीभ शाबूत राहत नाही. त्यामुळे मी सगळीकडे अर्धाच ग्लास मागत होते.

पहिल्या बारमधली रेड वाइन कोमट होती. रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हा संकेत थंड खोल्यांच्या काळातला आहे. तिला १६ ते १८ अंश सेल्सियस मानवते; त्याहून गरम झाली की फळांचा गंध मागे पडतो आणि अल्कोहोल नाकात चढते. तिथल्या व्हाइट वाइनपुढे मी ‘आंबट, पातळ’ असे लिहिले. दुसऱ्या बारमध्ये वाइनची यादी भलीमोठी होती, पण उघडलेल्या बाटल्या कधीच्या होत्या हे कोणालाच सांगता येईना. तिथे मी फार वेळ थांबले नाही.

तिसरा बार अगदी लहान होता. फळ्यावर खडूने लिहिलेल्या जेमतेम आठ वाइन, आणि प्रत्येक उघड्या बाटलीच्या गळ्याला चिकटवलेल्या कागदी पट्टीवर ती उघडल्याची तारीख. एवढ्या एका पट्टीने माझा विश्वास बसला, कारण उघडलेली वाइन हवेच्या संपर्कात दोन-तीन दिवसांत उतरते आणि ग्लासने वाइन विकणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच असते. मी काबर्ने सोव्हिन्यों ही रेड वाइन मागवली, तीही तरुण, म्हणजे फार काळ न मुरलेली, आणि सोबत तेलात मुरवलेले सार्डिन मासे, लिंबाची फोड व पाव. पहिला घोट उत्तम लागला. सार्डिनचा घास खाऊन दुसरा घेतला, तर जिभेवर गंजक्या खिळ्याची चव आणि घशाशी शिळ्या माशाचा वास. ‘बाटली खराब’ असे मी वहीत लिहून टाकले.

काउंटरमागच्या गृहस्थांनी माझा चेहरा पाहिला असावा. “मॅडम, वाइनमध्ये काही दोष वाटतो आहे का?” असे विचारून त्यांनी ग्लास घेतला आणि शांतपणे हुंगला. बुचामुळे वाइन बिघडली असती तर ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला असता, असे ते म्हणाले. तो वास ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल या संयुगाचा असतो आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅमही नाकाला पुरतात. इथे त्याचा मागमूस नव्हता. मग त्यांनी सार्डिनची बशी बाजूला सरकवली, मला पाणी आणि पावाचा कोरडा तुकडा दिला, आणि त्याच बाटलीतली वाइन जुन्या, कडक चीजच्या कापाबरोबर पुढे ठेवली. तुरटपणा मऊ झाला होता, काळ्या फळांची चव परत आली होती. टॅनिन, म्हणजे रेड वाइनला तुरटपणा देणारा घटक, एरवी लाळेतल्या प्रथिनांना धरून तोंड कोरडे करते, चीजमधली प्रथिने आणि स्निग्धता ती धार बोथट करतात.

माशाचे कारणही त्यांनी सांगितले. वाइनमध्ये अल्प प्रमाणात लोह असते, रेडमध्ये बहुधा अधिक, आणि माशातल्या तेलाशी त्याची गाठ पडली की ती दुर्गंधी तयार होते. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. मग सार्डिनसाठी काउंटरमागच्या गृहस्थांनी फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या मुखाकडची मस्कादे ही व्हाइट वाइन ओतली. ती कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, आणि आंबट, लिंबाच्या फोडीचेच काम करणारी होती. दोन्ही बशा आणि दोन्ही ग्लास मी संपवले.

त्यानंतर मी वही पुन्हा उघडली. पहिल्या बारमधली ‘आंबट, पातळ’ व्हाइट वाइन मी मध घातलेल्या अंजिरांवर प्यायले होते, आणि खाण्यातला गोडवा कोरड्या वाइनला नेमका तसाच करतो. ज्या वाइनला मी नापास करत होते, तिच्यावर अन्याय माझ्या मागणीने झाला होता. एका चुकीच्या ओळीने एखाद्या लहान व्यवसायाचे गिऱ्हाईक तुटू शकते, याची मला त्या क्षणी मनापासून भीती वाटली. मी संपादकांकडे एक दिवसाची मुदत मागितली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बारमध्ये तीच व्हाइट वाइन शेळीच्या दुधाच्या ताज्या चीजबरोबर घेतली. ती नेटकी होती, ताजी होती, आणि चीजच्या आंबूस चवीला तोडीस तोड होती. ती ओळ मी खोडली. रेड वाइनबद्दलचे वाक्य मात्र कायम ठेवावे लागले, कारण ती बाटली त्या दिवशीही कॉफीच्या यंत्राला टेकूनच उभी होती.