चार पौंडांतलं दोन पौंड पीठ

युटातले पहिले पाच दिवस झायन आणि ब्राइसच्या लाल खडकांत गेले. फोटो भरपूर आहेत, पण लिहायला बसले तर डोळ्यांपुढे येते ती सॉल्ट लेक सिटीची दफनभूमी.

भाच्याला शेवटच्या दिवशी खरेदीला जायचं होतं, मी दफनभूमीचा हट्ट धरला. आदल्या दिवशी ‘धिस इज द प्लेस’ पार्कमध्ये २०२२ साली उभारलेले पुतळे पाहिले होते. १८४७ मध्ये मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांसोबत या खोऱ्यात आलेल्या कृष्णवर्णीयांचे. त्यात तिघे पुरुष गुलाम म्हणून आणलेले, आणि एक स्वतंत्र बाई, जेन मॅनिंग जेम्स. तिनं मला झोपू दिलं नाही.

जेन कनेटिकटची. १८४३ मध्ये धाकटी भावंडं, आई आणि लहानगा मुलगा यांना घेऊन इलिनॉयमधल्या नॉवूला, मॉर्मन लोकांच्या तेव्हाच्या मुख्य गावाला निघाली. बफेलोला या कुटुंबाला बोटीवर घेतलं नाही, म्हणून उरलेली जवळजवळ तेराशे किलोमीटर वाट ती सगळी पायी चालली. जोडे झिजून गेले, तळवे फुटले, जमिनीवर पावलांचे रक्ताचे ठसे उमटायचे, असं तिनं म्हातारपणी आपली हकीकत लिहून घेताना सांगितलं आहे. जन्मानं स्वतंत्र असूनही वाटेत तिच्याकडे मुक्ततेचे कागद मागितले गेले. नॉवूला पोचल्यावर पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्या घरी तिला काम आणि आसरा मिळाला.

दफनभूमी डोंगरउतारावर आहे. ऊन रणरणतं होतं. जायचं तर सकाळी लवकर जा. आम्ही भर दुपारी गेलो आणि जेनची कबर सापडेपर्यंत भाचा माझ्याशी बोलेनासा झाला होता. मी मात्र तिथं गवतात बसलेच.

एलायझा लायमन ही मॉर्मन चर्चच्या एका प्रेषिताची, म्हणजे वरिष्ठ नेत्याची बायको. एप्रिल १८४९ मध्ये नवरा कॅलिफोर्नियाला गेला तेव्हा घरात भाकरीपुरतंही पीठ नव्हतं. तिच्या रोजनिशीत नोंद आहे: जेननं दोन पौंड पीठ दिलं, तिच्याकडे होतं त्यातलं अर्धं.

आणि याच जेननं पुढं मंदिरातल्या विधींसाठी अर्जामागून अर्ज केले. १८८४ मध्ये तिनं चर्चच्या अध्यक्षांना लिहिलं, माझ्यासाठी काहीच आशीर्वाद नाही का? वर्णामुळे दार उघडलं नाही. दिवंगत जोसेफ स्मिथच्या कुटुंबात मुलगी म्हणून घ्या, अशी तिची विनंती होती. १८९४ मध्ये मंदिरातल्या विधीनं तिला त्याच्याशी जोडलं ते ‘सेविका’ म्हणून, आणि त्या विधीलाही तिला आत येऊ दिलं नाही. तिच्या जागी दुसरी बाई उभी राहिली. हे वाचलं तेव्हा संताप आला, अजूनही येतो. १९०८ मध्ये ती गेली. कृष्णवर्णीयांना हे विधी नाकारणारा नियम उठला १९७८ मध्ये.

तरी तिनं श्रद्धा सोडली नाही. मला ते जमलं नसतं.

संध्याकाळी बहिणीकडे पोळ्या करायला घेतल्या तेव्हा आधी काट्यावर पातेलं ठेवून दोन पौंड पीठ मोजलं. नऊशे ग्रॅम. आमच्या चौघांच्या दोन दिवसांच्या पोळ्या. बहिणीनं विचारलं, एवढं कशाला मोजतेस? मी तिला सांगितलं, जेनच्या घरात त्या दिवशी एवढंच उरलं होतं, आणि पोरं लहान होती.