पोलंडचे परंपरावादी राजकारण, अंबाजोगाईहून पाहताना

युरोपातील परंपरावादी पक्ष शिकवताना पोलंडचा विषय निघाला की वर्गातून हमखास एकच उत्तर येते: तो कॅथलिक देश आहे, म्हणून तिथले राजकारण उजवे आहे. अंबाजोगाईत राज्यशास्त्र शिकवताना सुरुवातीची काही वर्षे मीही तेच सांगत होतो. आता ते उत्तर मला अपुरे वाटते. कॅथलिक धर्म पोलंडमध्ये हजार वर्षांपासून आहे. ज्या ‘कायदा आणि न्याय’ पक्षाने २०१५ पासून सलग आठ वर्षे सत्ता राखली, तो मात्र काचिन्स्की या जुळ्या भावांनी २००१ साली स्थापन केला आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत त्याला दहा टक्केही मते मिळाली नव्हती.

चर्च आणि राष्ट्र तिथे एकजीव कसे झाले, हे मराठवाड्यातल्या माणसाला फार समजावून सांगावे लागत नाही. १७९५ ते १९१८ अशी १२३ वर्षे पोलंड हे राज्य नकाशावर नव्हते. रशिया, प्रशिया (तेव्हाचे जर्मन राज्य) आणि ऑस्ट्रिया यांनी ते वाटून घेतले होते. १९०१ साली प्रशियाच्या ताब्यातील व्झेश्न्या या गावात शाळकरी मुलांनी धर्माचा पाठ जर्मन भाषेत म्हणायला नकार दिला आणि त्यासाठी छड्या खाल्ल्या. माझे आजोबा निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले आणि संध्याकाळी मारुतीच्या देवळात मराठी हरिपाठ म्हणायचे. राज्यकर्त्यांची भाषा वेगळी असली की देवाच्या दारात आपली भाषा जपली जाते, हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते.

परंतु एवढ्यावरून परंपरावादी राजकारण सिद्ध होत नाही. १९७८ मध्ये पोलंडमधल्या क्राकूव शहराचे कार्डिनल, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरू, पोप झाले, ते पुढच्या वर्षी मायदेशी आले आणि ऑगस्ट १९८० मध्ये ग्डान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यात कामगार नेते लेक वालेसा यांनी कम्युनिस्ट सरकारशी झालेल्या करारावर पोपचे चित्र असलेल्या भल्या मोठ्या पेनाने सही केली. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार चळवळीत चर्चच्या आसऱ्याला धार्मिक कामगार होते, तसेच देव न मानणारे डावे विचारवंतही होते. त्या छत्राखालून पुढे उदारमतवादी निघाले आणि काचिन्स्की बंधूही निघाले. फाटाफूट झाली ती १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट संपल्यानंतर, आणि माझ्या मते तिचे मूळ धर्मापेक्षा पोटापाण्यात अधिक आहे.

१ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांच्या योजनेने बहुतेक वस्तूंचे भाव खुले केले आणि सरकारी उद्योगांचा आधार काढून घेतला. देशाची एकूण भरभराट त्यातूनच पुढे झाली, हे मान्य करायलाच हवे. पण ज्या सरकारी शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या मजुरांच्या वसाहती उभ्या होत्या ती शेते बंद झाली, आणि त्या वसाहतींतली माणसे जमीन नाही, काम नाही अशा स्थितीत जिथल्या तिथे राहिली. २००२ च्या सुमारास देशातली बेरोजगारी वीस टक्क्यांच्या घरात होती. अशा घरांत तोरून शहरातून ताडेउश रिद्झिक या धर्मगुरूंनी १९९१ मध्ये सुरू केलेले ‘रेडिओ मारिया’ पोहोचले. त्यावर जपमाळेची प्रार्थना असे, राजकारण असे, आणि मुख्य म्हणजे एकट्या म्हाताऱ्या बायकांना फोन करून मनातले बोलता येई. मोहेर लोकरीच्या गोल टोप्या घालणाऱ्या या श्रोत्या शहरी वर्गाच्या चेष्टेचा विषय झाल्या आणि ‘मोहेर टोप्या’ हा शब्द २००५ मध्ये राजकारणातली शिवीच बनला. ‘मागास मराठवाडा’ हे शब्द ज्याने आयुष्यभर ऐकले आहेत, त्याला त्या टोपीखालचा अपमान कळतो.

सत्तेवर आल्यावर ‘कायदा आणि न्याय’ पक्षाने एप्रिल २०१६ पासून दुसऱ्या आणि पुढच्या प्रत्येक अपत्यामागे दरमहा ५०० झ्लॉटी (पोलंडचे चलन) द्यायला सुरुवात केली, तीही उत्पन्नाची अट न घालता. २०१९ मध्ये पहिल्या अपत्यालाही ही रक्कम सरसकट लागू झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये केज तालुक्यातील माझी मावशी लाडकी बहीण योजनेचे पैसे काढायला ग्राहक सेवा केंद्रावर गेली, तेव्हा मी सोबत होतो. खुरपणीने बोटांच्या रेषा झिजल्यामुळे यंत्र तिचा अंगठा घेईना. चौथ्या वेळी तो लागला. दोन महिन्यांचे ३००० रुपये तिने दोनदा मोजले आणि म्हणाली, “माझ्या नावावर आलेत बघ बाबा हे.” रकमेपेक्षा ‘नावावर’ या शब्दावर तिचा जोर होता. पोलंडच्या पूर्वेकडील खेड्यांनी त्या पक्षाला दिलेली मते मला त्या दिवशी नीट कळली. (दोन्ही योजनांचे खर्च आणि हेतू वेगळे आहेत; तुलना केवळ त्या जोराची आहे.)

मात्र ज्या राजकारणाने आईच्या हाती पैसे दिले, त्यानेच तिच्या शरीराचा निर्णय तिच्याकडून काढून घेतला, आणि याबाबत मी तटस्थ राहू शकत नाही. १९९३ चा गर्भपात कायदा आधीच कडक होता. २२ ऑक्टोबर २०२० रोजी घटना न्यायाधिकरणाने गर्भात गंभीर व्यंग असले तरी गर्भपात घटनाबाह्य ठरवला; तोवर देशातले जवळजवळ सगळे कायदेशीर गर्भपात याच कारणाने होत होते. करोनाची साथ असतानाही लहान गावांतल्या तरुणी रस्त्यावर उतरल्या, काहींनी चर्चच्या आत जाऊन निषेध केला. चर्चचेही नुकसान झालेच: १९८० च्या दशकात निम्म्याच्या आसपास कॅथलिक रविवारच्या प्रार्थनेला जात, २०२१ मध्ये ते प्रमाण अठ्ठावीस टक्क्यांवर आले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ७४ टक्क्यांहून अधिक मतदान झाले आणि त्या पक्षाचे बहुमत गेले. बालभत्ता मात्र नव्या सरकारच्या काळातही चालू राहिला. जानेवारी २०२४ पासून तो ८०० झ्लॉटी झाला. जून २०२५ मध्ये त्याच पक्षाच्या पाठिंब्याने उभे राहिलेले करोल नाव्रोत्स्की ५०.८९ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. मोठी शहरे त्यांचे प्रतिस्पर्धी असलेल्या, राजधानी वॉर्साच्या महापौरांच्या बाजूने आणि खेडी नाव्रोत्स्कींच्या बाजूने उभी राहिली. येत्या सत्रात हा घटक मी पोपपासून नव्हे, तर बंद पडलेल्या सरकारी शेतापासून शिकवायला सुरुवात करणार आहे.